मदत हवी आहे : वाढलेले कॅल्शियम आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टचा सल्ला

सर्वांना नमस्कार. माझ्या ५८ वर्षांच्या आईला तीन वर्षांत दोनदा मूतखडा झाला आणि दोन्ही वेळा ‘पाणी भरपूर प्या’ एवढ्यावरच बोळवण झाली. गेल्या महिन्यात रक्तातील कॅल्शियम ११.६ आले (साधारण मर्यादा ८.५ ते १०.५), पाठोपाठ पॅराथायरॉइड संप्रेरकही वाढलेले निघाले. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि त्यांतली एखादी वाढली की हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरू लागते, हे आमच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले, आईची रोजची कॅल्शियमची गोळी थांबवली आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे ग्रंथी व संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे, जायला सांगितले. (एंडोक्रिनॉलॉजिस्ट म्हणजे फक्त मधुमेहाचे डॉक्टर, अशीच आमची आजवरची समजूत!)

ज्यांच्या घरी असा आजार झाला आहे त्यांना विचारायचे आहे, की ग्रंथी काढायची की नुसते लक्ष ठेवायचे, हे एंडोक्रिनॉलॉजिस्ट ठरवतात की सर्जन? लातूरहून पुण्याला एकाच फेरीत काम व्हावे म्हणून ड जीवनसत्त्व, चोवीस तासांची लघवी आणि हाडांची घनता या तपासण्या आधीच करून न्याव्यात, की त्यांनी सांगेपर्यंत थांबावे? शस्त्रक्रियेनंतरही एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे किती काळ जावे लागले?