नागपूरच्या घरी लोखंडी स्टोव्ह न्यावा का?

मंडळी, नमस्कार.

इथे यॉर्कशरमध्ये आमच्याकडे लाकडावर चालणारा स्टोव्ह आहे. ओतीव लोखंडाचा, 5 किलोवॅटचा. हिवाळ्यात सगळं घर त्याच्याभोवतीच बसलेलं असतं. तसाच एक नागपूरला आई-बाबांकडे बसवावा असं फार मनात आहे. धरमपेठेतलं जुनं बैठं घर, वर स्लॅब, मागे मोठं अंगण. जानेवारीत दोघंही पहाटे कुडकुडतात आणि आंघोळीला कढत पाणी लागतं. केवढा घ्यावा? लाकूड कोणतं? भारतात परत गेलेल्या काकू अजून या यादीवर असतील तर त्यांनी नक्की लिहावं.

*

अरे, आहे मी यादीवर. आई-बाबांची काळजी पोचली, म्हणून स्पष्टच सांगते: तो स्टोव्ह इथे आणू नकोस.

तिकडे महिनोन्‌महिने दिवसरात्र गारठा असतो. इथे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरला तरी दुपारी 28च्या आसपास असतो. आपल्या खोल्यांत 5 किलोवॅट म्हणजे तासाभरात दारं-खिडक्या सताड उघडाव्या लागतील. हवा कोंडून मंद ठेवलास तर लाकूड जळत नाही, धुमसतं. धुराचा कीट धुरांड्यात डांबरासारखा चिकटतो आणि तोच पुढे पेट घेतो. शिवाय धुरांड्यासाठी जुन्या स्लॅबला भोक पाडायचं, म्हणजे पावसाळ्यात गळतीला आमंत्रण. त्यांच्या पहाटेला गोधडी आणि विजेचा ऑइल हीटर पुरे. आणि एक गोष्ट फोनवर बजावून सांग: निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत कधीही न्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र लाकूडच पेटव, पण अंगणात, तांब्याच्या बंबात. मधोमध नळकांडं, त्यात जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. उभ्या नळकांड्यामुळे हवा आपोआप खेचली जाते. हिशेब करून बघ: 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 60वर न्यायला साधारण 1 युनिट ऊर्जा लागते आणि वाळक्या लाकडाच्या एका किलोत जवळपास 4 युनिटं असतात. निम्म्याहून जास्त उष्णता वर निघून गेली तरी एक किलोत भागतं.

घेताना इतवारीत जा आणि झाळकाम नीट बघ. पाणी भरून दुकानातच तासभर ठेवायला लाव. बंब रिकामा पेटवला तर झाळ वितळून गळू लागतो, म्हणून गरम पाणी काढलं की लगेच वरून गार ओतायचं. झाकण घट्ट दाबून बसवायचं नाही. वाफेला वाट हवी.

लाकूड बाभळीचं. टालीवर ओलं मिळालं तरी एप्रिलमध्येच फोडून घे आणि जमिनीपासून वर, उन्हात रचून ठेव. तुमच्याकडे लाकूड वाळायला दोन-दोन वर्षं लागतात, ते काम आपला मे महिना एका उन्हाळ्यात करतो. मृगाच्या आधी वर पत्रा टाक, बाजू मोकळ्या ठेव. पेटवायला पऱ्हाट्या किंवा तुराट्या. भर्रकन जळतात, रॉकेल लागत नाही. रंग दिलेली फळी आणि प्लायवूड अजिबात नको, त्यांचा धूर विषारी.

काकू

*

काकू, मनापासून आभार. स्टोव्हचा विचार सोडला. एकच शंका: आईला दमा आहे. बंबाचा धूर चालेल का? आणि अंगणात चूलही घालावी म्हणतो, रोडग्यांसाठी.

*

मग आईने तो पेटवायचा नाही, आणि तिच्या खिडकीखाली ठेवायचाही नाही. सगळ्यात जास्त धूर पेटवताना पहिल्या काही मिनिटांत होतो. जाळ धरला की कमी होतो, पण संपत नाही. तेवढा वेळ ती आत, खिडकी बंद. तरीही खोकला आला तर बंब राहू दे आणि गच्चीवर सोलर बसव. नागपुरात ऊन भरपूर आहे.

रोडग्यांना मुळात चूल लागतच नाही, गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, लागतात. वांग्याची भाजी आणि वरणासाठी चूल हवी असेल तर निर्धूर घे. आपल्या नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच ‘नीरधूर’ नावाची चूल तयार केली आहे. दुसरी कुठली घेतलीस तर आयएस 13152 हे भारतीय मानक विचार. पंख्याशिवायच्या चुलीची कार्यक्षमता त्यात किमान 25 टक्के, पंख्याच्या चुलीची 35 टक्के लागते. घरातलं नेहमीचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, सोबत ने आणि दुकानातच चुलीवर बसवून बघ. गंज डगमगत असेल तर ती चूल घेऊ नकोस, टक्के कितीही लिहिलेले असोत.