मदत हवी आहे: कामगिरीचे आकडे भरतोय, पुढे काहीच होत नाही

सार्वजनिक आरोग्य विभागात काम करते. वर्षभरापूर्वी आमच्याकडे 'कामगिरी व्यवस्थापन' आलं, म्हणजे एक एक्सेलचा तक्ता आला. चाळीसेक निर्देशांक दर महिन्याला भरून वर पाठवायचे. वरून फोन येतो तो एखादा रकाना रिकामा राहिला तरच.

अमेरिकेतल्या टर्निंग पॉइंट उपक्रमाची चौकट वाचली. मानकं, मोजमाप, प्रगतीचा अहवाल आणि गुणवत्ता सुधारणा असे चार भाग. आमची गाडी तिसऱ्यावरच रुतलीय.

उदाहरण देते. पेंटाव्हॅलंटचा (बाळांना देतात ती पाच रोगांवरची एकत्रित लस) पहिला डोस घेऊन तिसऱ्याला न आलेली मुलं, म्हणजे गळती. ती १० टक्क्यांच्या वर गेली की लक्ष घालायचं असतं. एका केंद्राची गेली, तर तिथल्या परिचारिकेलाच भर बैठकीत झापलं. पुढच्या महिन्यात गळती शून्य! कसं काय, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता हे सगळं वेतनवाढीला जोडायचं घाटतंय. चाळीसातले कोणते ठेवू? आणि खरा आकडा सांगणाऱ्याला कसं वाचवू?

प्रतिसाद १
प्रत्येक निर्देशांकापुढे लिहा: हा बिघडला तर कोण, काय करणार? लिहिता आलं नाही तर तो उडवा. उरतील त्यांच्या जोड्या लावा. क्षयरोगासाठी १९९१ साली जागतिक लक्ष्यं ठरली, ती ७० टक्के रुग्ण शोधणं आणि ८५ टक्के बरे करणं अशी दोन होती. नुसतं दुसरंच असतं, तर अवघड रुग्ण नोंदवलेच नसते कुणी.

प्रतिसाद २
वेतनवाढीला जोडू देऊ नका, हात जोडून सांगतो. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला ४ तासांत दाखल करायची किंवा घरी सोडायची मर्यादा घातली, तर चौथा तास भरत आला की रुग्ण हलवायची एकदम झुंबड उडायची. आकडेवारीत चक्क उंचवटा दिसतो. तुमच्या त्या शून्याचं काय झालं पण? दहा घरी जाऊन लसीकरण कार्डं बघा. जाब विचारायला नको, नुसतं बघायला.

धागाकर्ती
जाऊन आले. दहापैकी चार मुलांचा तिसरा डोस झालेलाच नाही. सत्राचा वार बदलला होता आणि आयांना कुणी कळवलंच नव्हतं. परिचारिकेने हे तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, पण तक्त्यात 'कारण' असा रकानाच नाही.

वार पूर्ववत करून घेतलाय. पण या महिन्याच्या अहवालात खरी गळती लिहिली तर पुन्हा तिच्यावरच येणार. कुणी यातून गेलंय का? वरिष्ठांसमोर हे कसं मांडलंत?