ब्राउन ग्रेव्ही पिठूळ लागत असेल तर
अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाची ब्राउन ग्रेव्ही, म्हणजे भाजलेल्या मांसावर ओतायचा दाट तपकिरी रस्सा, घरी केली की पांढुरकी, पिठूळ होते अशी तक्रार असते. मैदा कच्चा राहतो म्हणून तसं होतं. 2 टेबलस्पून लोण्यात 2 टेबलस्पून मैदा मंद आचेवर शेंगदाण्याच्या कुटाचा रंग येईपर्यंत परता, खमंग वास सुटायलाच हवा. मग कपभर स्टॉक (मांस-हाडं उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा ओतत सतत घोटा. आणि टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) भाजलेल्या ट्रेला चिकटलेली खरवड कृपा करून धुऊन टाकू नका! गरम स्टॉक घालून लाकडी चमच्याने सोडवून घ्या, खरी चव तिथेच आहे. मैदा गडद भाजला की दाटपणा कमी येतो, तेव्हा चमचाभर जास्त घ्या. मीठ अगदी शेवटी, विकतचा स्टॉक बहुतेकदा खारटच असतो.