शेकाप एवढा आटला कसा?

बंड्या_पुणे:
आमच्या आजोबांच्या तोंडी कायम शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, असायचा. जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील एवढी वजनदार माणसं, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी काँग्रेसला घाम फोडलेला, आणि २०२४ ला विधानसभेत बघतो तर एकच आमदार. दाभाडी प्रबंधाने वाट लावली म्हणतात, खरंय का?

लाल_बावटा:
अर्धंच खरं. १९५० ला मालेगावजवळ दाभाडीच्या अधिवेशनात हा प्रबंध मंजूर करून पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद ऑफिशियली घेतला. आता जेधे सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीतले, त्यांच्यामागची माणसं लेनिनसाठी थोडीच आली होती. गंमत म्हणजे प्रबंध रेटणारे मोरेसुद्धा पुढे जेधेंसारखेच काँग्रेसमध्ये परत गेले. पण खरा घाव काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांचा, साखर कारखाने काय, जिल्हा परिषदा काय, तालुक्याचा पुढारी एकदा चेअरमन झाला की शेकापचा बावटा गुंडाळून काँग्रेसमध्ये जायला मोकळा.

चहा_बिस्किट:
बारामतीची १९६० ची लोकसभा पोटनिवडणूक बघा की. जेधे वारले म्हणून काँग्रेसने त्यांच्याच मुलाला उभं केलं, समोर शेकापचे वसंतराव पवार, आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरदराव प्रचार करतायत काँग्रेसचा!

उरणकर:
तुम्ही घाटावरचे प्रबंधातच अडकलात. आमच्याकडे रायगडात तो वाचलाय कुणी? इथे पक्षाच्या आधीच नारायण नागू पाटलांनी अलिबागजवळच्या चरीचा संप केलेला, १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, शेती कसलीच नाही. मग १९८४ ला नवी मुंबईसाठी जमिनी घेणाऱ्या सिडकोविरुद्ध शेकापच्या दि. बा. पाटलांचं आंदोलन, जासईला गोळीबार, पाच हुतात्मे, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. म्हणून लोक डोळे झाकून शेकापच्या खटारा चिन्हावर शिक्का मारायचे. आता ती जमीनच विकून बसलेत लोक, पक्ष कशावर उभा राहणार?

माणदेशी:
आणि तो एक आमदार पण आमच्या सांगोल्याचा बरं का, गणपतराव देशमुखांचा, आमच्या आबांचा नातू. आबा ११ वेळा निवडून आले, १९७२ आणि १९९५ सोडलं तर पडले नाहीत, एसटीने फिरायचे. दुष्काळी तालुका, त्यांचं एकच लावलेलं, पाणी आणा.

बंड्या_पुणे:
पण १९७८ ला पुलोदमध्ये, म्हणजे शरद पवारांच्या आघाडी सरकारात, सत्तेत होते ना हे? एन. डी. पाटील सहकारमंत्री वगैरे. तेव्हा पक्ष वाढवायला काय झालं होतं?

लाल_बावटा:
अहो दोन वर्षं तरी टिकलं का ते सरकार. फेब्रुवारी १९८० ला इंदिराबाईंनी बरखास्तच केलं.