सरकारला कधी लेखी जाब विचारलाय? अनुभव सांगा

धागाकर्ता:

२०१९च्या पहाटेच्या शपथविधीपासून राज्यात जे चाललंय, त्यावर बोलून बोलून आपल्या सगळ्यांच्या जिभा झिजल्या. जून २०२२ला एक पक्ष फुटला, जुलै २०२३ला दुसरा. कुठला आमदार कुठल्या गटात, हे सांगताना आमच्या कट्ट्यावरचे जाणकारही आता चाचपडतात. ते दळण इथे पुन्हा नको. मला ऐकायचंय ते वेगळं. तुमच्यापैकी कोणी कधी सरकारी टेबलापर्यंत गेलंय का? हातात कागद घेऊन, पोच घेऊन? अर्ज, अपील, ग्रामसभेतला ठराव, मोर्चा, काहीही चालेल. काम झालेलं असलंच पाहिजे असं नाही. पक्षांची धुणी इथे धुऊ नका आणि साहेबांची नावं घेऊ नका, एवढंच.

सुरुवात मीच करतो. मार्च २०२२मध्ये बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. पण तिचं कोण ऐकतंय. आमच्या प्रभागात नगरसेवकच नव्हता, म्हणजे शिव्या घालायलाही हक्काचा माणूस नाही. अशात आमच्या गल्लीतला डांबरी रस्ता एका पावसात उखडला आणि लगेच त्याच रस्त्याच्या नव्या कामाची निविदा निघाली.

सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात कार्यालयात जाऊन फाइल बघता येते, असा शासनाचा २०१८चा निर्णय आहे. गेलो. लिपिकाने आधी 'साहेब मीटिंगला गेलेत' करून पाहिलं, मग फाइल आणून आपटली. आत मोजमाप पुस्तिका होती, म्हणजे किती काम झालं त्याची नोंदवही, ठेकेदार मंडळी तिला 'एमबी' म्हणतात. त्यातले आकडे माझ्या डोक्यावरून गेले. कार्यादेशातली एक अट मात्र कळली : दोष दायित्व कालावधी ३ वर्षे. रस्ता होऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणजे खड्डे जुन्या ठेकेदारानेच पदरच्या पैशांनी बुजवायचे होते आणि पालिका त्याच रस्त्यावर पुन्हा पैसे ओतायला निघाली होती. मी पत्रात फक्त ती अट आणि काम पूर्ण झाल्याची तारीख लिहिली. भ्रष्टाचार हा शब्दसुद्धा वापरला नाही. पत्र कार्यकारी अभियंत्यांना, प्रत लेखापरीक्षण विभागाला. उत्तर आजतागायत नाही. पण पितृपक्षात रोलर आला तो जुन्याच ठेकेदाराचा.

माणदेशी:

आमचं जरा वेगळं आहे, दारूच्या दुकानाचं. गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, उभी आणि आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. हे सगळ्यांना माहीत असतं. खरी गोम कोणी सांगत नाही. जेवढ्या बायका मतदानाला आल्या त्यांच्यातल्या निम्म्या पुरत नाहीत. यादीत जेवढी नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी आली नाही, तिचं मत आपसूक उभ्या बाटलीला गेल्यासारखंच.

आमच्याकडनं दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात, त्या पाडव्याच्या मागंपुढं परततात. आणि मतदानाची तारीख ठरत होती जानेवारीत! दुकानवाला काय येडा नाही, त्यानंच कुठूनतरी चावी फिरवली असणार (हे माझं म्हणणं, पुरावा नाही). आम्ही बचत गटाच्या बायका तहसील कचेरीत गेलो. सोबत मतदार यादी नेली आणि फडावर गेलेल्या प्रत्येक बाईच्या नावापुढं पेनानं कारखान्याचं नाव लिहून नेलं. 'बायकांना न्याय द्या' असं काय बोललो नाही. एवढंच म्हणलं, साहेब, या यादीतल्या एवढ्या बायका त्या दिवशी गावात नसणार हे तुम्हाला आज लेखी कळवलंय, याची पोच द्या. साहेबांनी यादी चाळली, पाणी प्यायले, पुढची तारीख देतो म्हणाले. मतदान एप्रिलमध्ये झालं. लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं यादीत तशीच होती, त्यांना सासरहून गाड्या करून आणलं. एक तर ओल्या बाळंतपणातली, तिची सासू बाळ घेऊन बाहेर उभी.

आडवी झाली बाटली. आता शेजारच्या गावातनं पिशवीत येती, ते वेगळं. त्या गावच्या बायकांचं सह्यांचं चाललंय.

बोरू :

सेवानिवृत्त अव्वल कारकून. काही वर्षं जन माहिती अधिकारी म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो, तेव्हा तिकडचं सांगतो.

माहितीचा अधिकार २००५ साली देशभर आला, त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता. तेव्हापासून मी अर्ज वाचतोय. निम्मे अर्ज 'का' विचारतात. आमच्या गावचा पूल का रखडला? 'का'चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही, कारण कायद्याने तुम्हाला मिळतो तो कागद. खुलासा नाही. म्हणून पुलाच्या फाइलवरची टिपणी मागा. टिपणीत कोणी कोणत्या तारखेला काय शेरा मारला आणि फाइल कोणाकडे किती दिवस पडून होती, ते सगळं असतं. 'का' आपोआप कळतं. आणि आवक-जावक नोंदवहीचं पान मागा. आमच्यातल्या भल्याभल्यांना त्या पानाचा धाक वाटतो.

'आपण मागितलेली माहिती मोघम स्वरूपाची असल्याने देता येत नाही', हे वाक्य मीही लिहिलंय, वरून तोंडी आदेश असायचा. ते टाळायचं तर अर्जात कालावधी, कामाचं नाव आणि कागदाचं नाव ठोकून लिहा. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. लोक त्यात पान पान कैफियत मांडतात.

दुसरी बाजूही सांगतो, राग आला तरी चालेल. काही अर्जदार अर्ज टाकायचे, ठेकेदाराला गाठायचे आणि तिसऱ्या आठवड्यात 'माहिती नको' म्हणून लिहून द्यायचे. आमच्या ऑफिसात त्यांची नावं पाठ होती. त्यांच्यामुळे खरा माणूस आला तरी त्याच्याकडे त्याच नजरेने बघितलं जायचं. उलट, तळेगावात सतीश शेट्टींचा जानेवारी २०१०मध्ये खून झाला. जमिनींचे व्यवहार ते माहिती अधिकारातूनच बाहेर काढत होते. दोन्ही प्रकारची माणसं त्याच दहा रुपयांच्या तिकिटावर अर्ज करतात. टेबलावरच्या माणसाने ओळखायचं कसं?

चाकरमानी:

मुंबई-गोवा महामार्ग. बस, एवढं लिहिलं तरी कोकणातल्या माणसाला पुढचं कळलं.

चौपदरीकरण सुरू झालं २०११ला. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता गणपतीला जाताना गाडी तोच चालवतो. मंत्री बदलला की नवी तारीख मिळते. मी एकदा अर्ज केला, माझ्या गावाजवळच्या एका तुकड्याचं काम कोणाकडे आणि मुदतवाढ कितीदा दिली. पनवेल ते इंदापूरचा टप्पा केंद्राच्या यंत्रणेकडे, पुढचे टप्पे राज्याकडे. एकाने माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३) लावून अर्ज दुसऱ्याकडे धाडला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी पहिल्याच कार्यालयाचं पत्र आलं की सदर बाब आमच्याशी संबंधित नाही. आमच्याकडे लग्नात नारळ फिरतो तसा अर्ज फिरला. जाऊ दे. ह्या वर्षीही जाणारच आहोत.

यादी वाचणारी:

आमदाराला विकासकामांसाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. त्याच्या कामांची यादी आमदाराच्या कार्यालयात मागायची नसते, ती जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. मी मागितली. पक्षांतराने मी इतकी वैतागले होते की मत दिलेल्या माणसाचं निदान काहीतरी तपासावं असं वाटलं. आमदार अपात्रतेचं प्रकरण आठवा, जून २०२२मध्ये फूट आणि विधानसभा अध्यक्षांचा निकाल जानेवारी २०२४ला. तिथे आपण काय करणार? यादी तरी वाचू.

पानंच्या पानं हायमास्ट दिवे, सभामंडप, ओपन जिम, पेव्हर ब्लॉक, पुन्हा हायमास्ट. शाळेच्या खोल्या शोधाव्या लागल्या. मी कुठलाही आरोप न करता यादी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, 'आपापल्या चौकातलं काम जागेवर आहे का, फोटो टाका.' रविवारी लोक पोरांना घेऊन दिवे मोजत फिरले. एका उद्यानातली जिम यादीत होती, जागेवर नव्हती. संध्याकाळी एका कार्यकर्त्याचा फोन. 'ताई, काही अडचण असेल तर प्रत्यक्ष भेटायचं ना, ग्रुपवर कशाला?' मी म्हटलं, अडचण काहीच नाही, जिम कुठे आहे तेवढं सांगा. म्हणाला, बघून सांगतो. दिवाळीच्या आधी बसवली. रंग ओला असतानाच फीत कापली आणि बॅनरवर 'मागणीला यश' असं छापलं. कोणाच्या मागणीला ते नव्हतं.

नवी पेठेतला:

तुम्ही सगळे काका-मावशी अर्जाविषयी बोलताय. आम्ही अर्जच भरत असतो, तेही शुल्क देऊन. २०२३च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीवला नऊशे. दहा लाखांच्या वर अर्ज आले, गुणाकार तुम्हीच करा. आणि गुणवत्ता यादीत एकाला २००पैकी २१४ गुण! वेगवेगळ्या सत्रांतल्या परीक्षेचं सामान्यीकरण केल्यामुळे, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका पट्टीवर आणल्यामुळे असं होतं, असं सांगितलं गेलं. असेलही. पण घरी बापाला हे समजावून सांगा बरं. तो म्हणतो, तुला का नाही पडले दोनशे चौदा?

आमच्या पिढीने जाब विचारलेला मला एकच दिवस आठवतो. ११ मार्च २०२१. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलल्याचं कळलं आणि पुण्यात शास्त्री रस्त्यावर पोरं उतरली. नेता नाही, झेंडा नाही, पाठीवर सॅक. पूर्वपरीक्षा २१ मार्चला झाली. त्या रात्री वाटलं होतं, आता आपलं ऐकतात. नंतर पेपर फुटले, जाहिराती लांबल्या, तेव्हा तेवढी पोरं पुन्हा नाही जमली. मेसचं बिल थकलेला पोरगा दर महिन्याला रस्त्यावर नाही बसू शकत.

गोव्याहून:

आमच्याकडे जानेवारी २०२२मध्ये एका पक्षाच्या उमेदवारांनी देवळात, क्रॉसकडे आणि दर्ग्यात जाऊन शपथा घेतल्या की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. निवडून आलेल्या अकरांतले आठ सप्टेंबरात दुसऱ्या पक्षात गेले. देवाला नाही भ्याले, ते मतदाराला भितील? म्हणून मी ग्रामसभेला जायला लागलो, रविवारी सकाळी. डोंगर कापणीविरुद्ध ठराव झाला, हात वर झाले, टाळ्या झाल्या. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं, तर त्यात 'चर्चा झाली' एवढंच. तेव्हापासून आम्ही ठराव घरूनच टाइप करून नेतो आणि सभा संपायच्या आधी सचिवाकडून त्याच्यावर सही घेतो. कंटाळवाणं काम आहे, पण सध्या तेवढंच हातात आहे.

कोरडवाहू:

बोरूसाहेब, तुमचाच सल्ला पाहिजे. आमचं सोयाबीन. २०२३ला एक रुपयात पीक विमा होता, २०२५च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. आता हप्ता भरायचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे महसूल मंडळात ठरावीक शेतांत चौकट आखून कापणी करतात, वजन काढतात आणि त्याच्यावर अख्ख्या मंडळाचं नशीब ठरतं. आमच्याकडं ऐन काढणीला पाणी साचलं, शेंगा झाडावरच उगवल्या. तरी उंबरठा उत्पन्नापेक्षा (उतारा त्याच्या खाली गेला तरच भरपाई) जास्त उतारा दाखवला.

तर मी प्रयोगाचे तक्ते मागितले, गट नंबरासहित. मिळाले. गट नंबर घेऊन मोटारसायकलवर फिरलो. जे शेत निघालं ते कालव्याच्या वर, निचऱ्याचं, मुरमाड रान. तिथं पाणी साचतच नाही. शेत लॉटरीनं निवडतात म्हणतात, पण ती यादी कुठं आहे हे विचारलं तर 'उपलब्ध नाही'. आमच्या गावात मंत्र्यावर रात्र रात्र बोलणारी माणसं आहेत. तक्त्यावर सही करायला या म्हणलं की भाकरी खायला उठतात. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं अर्ज दिलाय. त्या यादीसाठी पुढं काय करू?

बोरू :

प्रथम अपील करा. जोडपत्र 'ब' (अपिलाचा ठरलेला नमुना), वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. त्यात एवढंच लिहा : निवडीची यादी कोणत्या नोंदवहीत ठेवली जाते, ती नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे आणि ती मला प्रत्यक्ष पाहायची आहे. 'उपलब्ध नाही' असंच उत्तर पुन्हा आलं, तर ते सहीनिशी मागून घ्या आणि समितीच्या सुनावणीत तेच दाखवा. यादीच नसेल तर लॉटरी काढली कशातून, हे त्यांना सांगावं लागेल.

दुसऱ्या अपिलापर्यंत जायची वेळ आली तर थांबायची तयारी ठेवा, माहिती आयोगाला निकालाची मुदत कायद्यात दिलेलीच नाही. समितीची तारीख कधीची आहे?

कोरडवाहू:

पुढच्या बुधवारी. कंपनीचा माणूस मागच्या तारखेला आलाच नव्हता. कालव्याखालच्या चौघांनी सह्या दिल्यात, तेवढ्या घेऊन जातो आणि इथं कळवतो.