बालीसाँग: स्क्रू कसला की अडकतो, सोडला की हलतो

प्रश्न: बालीसाँग (दोन हँडलांमध्ये पातं मिटणारा चाकू) सरावाचा, म्हणजे ट्रेनर आहे, बोथट पात्याचा, वॉशर फॉस्फर ब्राँझचे. स्क्रू कसला की हँडल आपल्या वजनाने पडत नाही. पाव फेरा सोडला की दोन्ही हँडल एकमेकांवर आपटतात. मधली जागा सापडतच नाही.

उत्तर १: पाव फेरा फार झाला. एका वेळी एकच पिव्होट (पातं आणि हँडल जोडणारा स्क्रूचा सांधा) खोला. जुना लॉकटाइट (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणारा गोंद) आणि तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वॉशरच्या कडेवरून नख फिरवून बर (धातूची उठलेली कडा) आहे का बघा. मग स्क्रू पूर्ण कसून फेऱ्याच्या सोळाव्या भागाने सोडत चला. दोन्ही बाजूंना टी-८ (चांदणीच्या आकाराचा स्क्रू ड्रायव्हर) लावा, नाहीतर स्क्रूचा पलीकडचा अर्धा भाग सोबत फिरतो आणि मोजमाप चुकतं. हँडलच्या टोकाला जरासं हलणं राहणारच: ८ मिमी वॉशरपाशी ०.०२ मिमी फट असली, तर १२० मिमीवर ती ०.३ मिमी होते.

उत्तर २: जागा सापडली की निळा लॉकटाइट २४२, टूथपिकने, फक्त आट्यांवर. वॉशरला लागला तर पिव्होट जाम होईल. जुळवणी लगेच उरका, मग २४ तास हात लावू नका. तेल त्यानंतरच, आटे तेलकट असतील तर पकड येत नाही.

उत्तर ३: वरचं सगळं वॉशरसाठी. बुशिंग (पात्याच्या भोकात पिव्होटवर बसणारी धातूची कडी) असेल तर स्क्रू पूर्ण कसायचा असतो. हलणं कमी करायला बुशिंगच घासावं लागतं. काचेवर २००० नंबरचा पॉलिश पेपर, इंग्रजी आठच्या आकारात चार-पाच हात, मग बसवून तपासा. जास्त घासलं गेलं तर पातं अडकतं आणि बुशिंग नवीनच घ्यावं लागतं.