पावसाळी पडद्यांसाठी सुई आणि दोरा कोणता घ्यावा?

घर दापोलीजवळ आहे, पडवी थेट पश्चिमेला. जूनच्या आत नवे पडदे शिवायचे आहेत. कापड पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर, साधारण ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम). मशीन जुनं काळं पायमशीन, चपट्या बाजूची घरगुती सुई लागते.

मागचे पडदे बाहेरून शिवून घेतले होते. कापड अजून ठणठणीत आहे, पण दोरा बोटाने ओढला तरी तुटतो, टिपाच्या टिपा उसवल्या. आता बाजारात बॉन्डेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला दोरा) नायलॉन आणि बॉन्डेड पॉलिएस्टर अशी दोन्ही रिळं दिसतात. नायलॉन हाताला जास्त मजबूत लागतं. माझ्याकडे १६ नंबरची सुई आहे, दुकानदार चामड्याची सुई घ्या म्हणतो. कडेला दुहेरी दुमड आली की तीन थर होतात आणि तिथे टाके सुटतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
ताई, पॉलिएस्टरच घ्या. नायलॉन मजबूत असतं हे खरं, पण उन्हात ते पॉलिएस्टरपेक्षा लवकर कुजतं आणि तुमची पडवी तर पश्चिमेची. पावसापेक्षा एप्रिल-मेचं ऊनच दोऱ्याला खातं. रिळावर ७० टेक्स बघा. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. कपड्यांचा नेहमीचा दोरा ३० टेक्सच्या आसपास असतो, तो इथे पुरणार नाही.

या दोऱ्याला ११०/१८ची, म्हणजे १८ नंबरची सुई लागेल. ११० म्हणजे सुईची जाडी १.१० मिलिमीटर. जीन्सची सुई या मापात मिळते. बसते का ते आधीच तपासता येतं: सुईत दोरा ओवा, दोरा ताणून तिरका धरा, सुई आपल्या वजनाने खाली घसरायला हवी. अडकली तर नेढं लहान आहे.

चामड्याची सुई मात्र कृपया नको. तिचं टोक पात्यासारखं कापत जातं. लेपाच्या कापडावर पडलेलं भोक परत मिटत नाही, मग पोस्टाच्या तिकिटांसारखी टिपेवरूनच फाट जाते. त्याच कारणाने टाका ४ मिलिमीटरचा ठेवा, टाचण्यांऐवजी चिमटे लावा.

आणखी एक प्रतिसाद:
वरच्याशी सहमत. सुती कॅनव्हास असता तर सुती आवरणाचा पॉलिएस्टर दोरा सुचवला असता, कारण सूत भिजून फुगतं आणि भोक बुजवतं. तुमच्या कापडाला तो उपयोग नाही, आतल्या बाजूने टिपेवर सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव) फिरवा.

धागाकर्ती (प्रश्न विचारणाऱ्या ताई):
मनापासून आभार. पण तीन थरांवर टाके सुटतात त्याचं काय करू?

प्रतिसाद:
नवी सुई लावा, बोथट सुई टाका सोडतेच. थर चढताना फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) पुढून उचलला जातो, म्हणून त्याच्या मागे त्याच कापडाची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहील. तेवढे टाके चाक हाताने फिरवून घाला, पायमशीनला घाई नसते हा इथे फायदाच आहे. पडदा अडकवायच्या रिंगांच्या कोपऱ्यांत पट्टाही येणार असेल तर मशीनवर जोर करू नका. दाभण आणि मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा घेऊन ते हातानेच शिवा.